मँचेस्टरला गेलेला राजय्या

सत्तरच्या दशकात सोलापुरात जग शिकवायचा मक्ता माझ्याकडे होता. आता तुम्ही म्हणाल, सुरुवातीलाच फेकाफेकी. पण एम.ए.च्या अभ्यासक्रमात पेपरचं नावच 'आधुनिक जगाचा इतिहास' असं होतं आणि गावात तो शिकवायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मराठ्यांचा इतिहास शिकवणारे पैशाला पासरी. जग मात्र मी एकट्यानं, रविवारी सकाळी साडेआठ ते साडेअकरा, कॉलेजच्या सायकल स्टँडमागच्या खोलीत सांभाळलं.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. करता येत असे. फॉर्म भरायचा, पुस्तकं कुठून तरी मिळवायची आणि दोन खेपांत आठ पेपर द्यायचे. विद्यापीठ लांब, पुस्तकं इंग्रजीत, उत्तरं मात्र मराठीत लिहिली तरी चालत. त्यामुळे ज्यानं इंग्रजी वाचून मराठीत सांगावं असा एखादा माणूस लागे. तो मी. फी नव्हती. आठवडाभर बी.ए.च्या पोरांपुढे बोलून माझी हौस भागत नसे, एवढंच कारण.

वर्गात बारा जण होते. त्यातले बरेचसे गिरणीत तिसरी पाळी करून, अंगावर कापसाची लव घेऊन थेट वर्गात येत. येत आणि झोपत. घोरणं असं की शेजारच्या टायपिंग इन्स्टिट्यूटनं तक्रार केली, आमची मशिनं चालू आहेत की बंद ते आम्हाला कळत नाही म्हणून. जकात नाक्यावरचा हमीद तेवढा डोळे उघडे ठेवून झोपे. ही विद्या त्यानं नोकरीतच कमावली होती.

अशाच एका रविवारी मी इंग्लंडातली औद्योगिक क्रांती शिकवत होतो. सूत कातायचं यंत्र, वाफ, कोळसा. मान वर केली तर वर्ग म्हणजे रणांगण झालेलं, सगळे धारातीर्थी. मला काय सुचलं कोण जाणे. त्याच आवाजात मी पुढे म्हणालो, "आणि मँचेस्टरच्या त्या गिरणीत दुसऱ्या पाळीला एक सोलापूरचा माणूस होता."

सगळे जागे झाले. हमीदसुद्धा, म्हणजे त्याचे डोळे होते तसेच राहिले, पण त्यामागे माणूस आला.

"कुठल्या पेठेतला, सर?"

"साखर पेठेतला. विणकर. राजय्या नाव."

"तिकडं कसा गेला?"

"ते पुढच्या रविवारी," मी म्हणालो. कारण मलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षं मी राजय्याच्या खांद्यावर बसून जग फिरलो. राजय्यानं मँचेस्टरला कामाचे चौदा तास आणि ओल्या भिंती पाहिल्या. तिथून कंटाळून तो पॅरिसला गेला आणि पावाच्या रांगेत त्याचा नंबर आला नेमक्या त्याच दिवशी क्रांती झाली. अभ्यासक्रम एकशे छप्पन वर्षांचा, माणूस तेवढा जगणार कसा? पण आपल्याकडे आज्याचं नाव नातवाला ठेवायची चाल आहे, तिनं मला तारलं. राजय्याच्या नातवानं अमेरिकेतलं यादवी युद्ध पाहिलं. तिकडचा कापूस अडला आणि आपल्या इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, ते त्यानं घरी पत्र लिहून कळवलं. त्या नातवाच्या नातवानं रशियात संप केला. जपानचा रेशीमवाला, चीनचा अफूवाला, सगळे राजय्याच्या ओळखीचे. हमीद म्हणे, "सर, हा मानूस जिथं जातंय तिथं दंगा होतंय. ह्याला आपल्या नाक्यावर नका आनू."

हसू नका. पोरं शिकत होती. कापसाची गाठ कुठून निघते, कुठे कातली जाते आणि कापड होऊन कुणाच्या अंगावर परत येते, हे गिरणीतल्या माणसाला एका रविवारात कळलं, कारण वाटेत त्याला आपला माणूस भेटला होता. आमच्या वर्गाचा निकाल इतका चढला की परीक्षकांना संशय आला असणार.

आणि मी लबाड असलो तरी बेजबाबदार नव्हतो. दर रविवारी वर्ग सुरू होताना, पहिल्या पाच मिनिटांत मी बजावत असे: "राजय्या माझा आहे, विद्यापीठाचा नाही. परीक्षेला जाताना त्याला चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचं." सगळे माना डोलावत. कुणीही, कधीही राजय्याला पेपरात नेलं नाही.

घोटाळा झाला तो एसटीमुळे.

शिवलिंग श्रीपूरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होता. मूळचा अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातला, घरी कानडी. मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे लिहिताना व्याकरणाच्या पुस्तकासारखा आणि बोलताना कारखान्यासारखा. रविवारी पहाटे तो उसाच्या रिकाम्या ट्रकमधून मोडनिंबला येई, तिथून एसटीनं सोलापूरला. वर्गात पोचायला त्याला दर वेळी पावणेनऊ होत. तीन वर्षांत एकदाही तो साडेआठला आला नाही. म्हणजे तीन वर्षांत माझी ती सूचना त्याच्या कानावर एकदाही पडली नाही.

आणि वजनकाट्यावरच्या कारकुनाची वृत्ती लक्षात घ्या. काट्यावर जी गाडी चढेल तिची नोंद करायची, उसात काय दडलंय ते बघणं त्याचं काम नव्हे. मी बोलेन ते शब्दन् शब्द तो लिहून घेई. मी शिंकलो तर कंसात 'शिंक' लिहीत असावा.

शिवलिंग सेकंड क्लासमध्ये एम.ए. झाला. राजय्याबद्दल पेपरात अवाक्षर लिहिलं नाही, म्हणून मलाही काही कळलं नाही. त्यानं का लिहिलं नाही, तर राजय्या त्यानं स्वतःच्या संशोधनासाठी राखून ठेवला होता.

हे मला हमीदनं सांगितलं. एका संध्याकाळी नाक्याजवळ माझी सायकल अडवून तो म्हणाला, "सर, तुमारा शिवलिंग साखर पेठमें घर घर फिर रा हय. तुमारे में राजय्या कौन था बोलके पूछ रा."

"मग तू त्याला सांगितलं नाहीस?"

"मय कैसा बोलूं? राजय्या तुमारा, तुमीच मारो."

त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टेकेना. जेवायला बसलो की उठायचो, पेपर उघडला की मिटायचो. घरातून स्टेशनपर्यंत आणि परत अशा इतक्या फेऱ्या घातल्या की टांगेवाले मला प्रतिस्पर्धी समजू लागले. हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती.

"अहो, मग त्याला बोलवा आणि सांगा. दोन वाक्यांचं काम."

"कसं सांगू?"

"तीन वर्षं थापा मारताना विचारलं होतंत का, कशा मारू म्हणून?"

तिनं मान वर केली नाही. संसारात मला असं वरिष्ठ न्यायालय लाभलं होतं.

मी बोलवायच्या आधी शिवलिंगच आला. गाळपाचा हंगाम संपला होता, कारखाना बंद. त्याची नोकरी हंगामी. सहा महिने काटा आणि सहा महिने घरी बसून वाट बघणं, पुढच्या हंगामाला बोलावतात की नाही याची. हातात दोनशे पानी वही होती.

"सर, राजय्या एक नव्हता," बसायच्या आधीच तो म्हणाला. "चौदा सापडले."

वहीत चौदा घरं होती. प्रत्येक घराला दोन-दोन पानं, समास आखलेला. कुणाचा आजा, कुणाचा चुलता, कुणाचा बाप जहाजावर चढून गेला आणि परत आला नाही. सुवाच्य अक्षर. आता खरं बोलतो. माझी पहिली भावना पश्चात्तापाची नव्हती, अभिमानाची होती. एका थापेला चौदा पोरं झालेली कोणत्या बापाला आवडणार नाही? मी म्हणालो, "छान काम आहे." चहा पाजला. तो गेला.

तेवढ्यात अकरावी-बारावीची नवी पद्धत आली. गावोगाव ज्युनिअर कॉलेजं निघू लागली आणि सेकंड क्लास एम.ए. झालेल्या माणसाला अचानक भाव आला. एका संस्थेनं इतिहासाची एक जागा काढली. कायम जागा, बारा महिने पगार. शिवलिंगनं अर्ज केला. मुलाखतीच्या मंडळावर मीही होतो.

आदल्या दिवशी तो पाया पडायला आला. नवी पँट शिवली होती, तिची घडी मोडू नये म्हणून खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, "सर, ही मिळाली तर बायकोला गावाकडनं आणीन. तीन वर्सं झाली लगीन होऊन. कारखान्यावर आमी सहा जण एका खोलीत राहतो की."

आता सांग, मी स्वतःला म्हणालो. आत्ता. मी म्हणालो, "जा, चांगलं होईल. मी आहेच तिथे."

मंडळात संस्थेचे अध्यक्ष होते, आडत व्यापारी, सगळ्यांना चहा घ्या म्हणणारे. प्राचार्य होते. आणि बाहेरगावाहून आलेले विषयतज्ज्ञ होते, म्हातारे, गुडघे दुखत म्हणून पाय समोर ताणून बसलेले. हळू आवाजात विचारत आणि उत्तर संपेपर्यंत पेन्सिल हलवत नसत. शिवलिंगनं उत्तरं उत्तम दिली. जपानचं औद्योगिकीकरण विचारलं तर असं सांगितलं की अध्यक्षांचा चहा थंड झाला.

मग तज्ज्ञांनी विचारलं, "तुम्ही स्वतः काही शोधलंय का?"

शिवलिंगनं वही उघडली. पुढची पाच मिनिटं तो माणूस दिव्यासारखा उजळला होता. सोलापूरचा विणकर जगात कुठे कुठे गेला, का गेला, कापसाचे भाव, गिरण्यांचे संप, जहाजं. तज्ज्ञांनी पाय आखडले आणि पुढे वाकले.

"या राजय्याचा मूळ आधार काय? पहिला उल्लेख तुम्हाला कुठे मिळाला?"

"सरांच्या व्याख्यानात," शिवलिंग म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला.

"ग्रंथ कोणता, सर?" तज्ज्ञांनी मला विचारलं. पेन्सिल वहीवर टेकवली.

वाचकहो, दोन श्वासांत माझ्या डोक्यात तो ग्रंथ तयार झाला. लंडनला छापलेला, दोन खंड, दुसऱ्या खंडात पान एकशे त्रेसष्ट, तळटीप. लेखक पाद्री होता आणि त्याला दमा होता इथपर्यंत मला दिसत होतं. जिभेच्या शेंड्यावर आला होता तो ग्रंथ. पण त्या म्हाताऱ्याची पेन्सिल तयार होती. तो लिहून घेणार, परत गेल्यावर ग्रंथालयात शोधणार, आणि सापडला नाही की खोटा ठरणार शिवलिंग, मी नव्हे. त्याला पुढे कुठल्याही दारात कुणी उभं केलं नसतं.

"ग्रंथ नाही," मी म्हणालो. "राजय्या मी रचला. वर्गात झोपतात म्हणून."

अध्यक्ष मोठ्यानं हसले. "म्हणजे नाटकातलं पात्र म्हणा की." प्राचार्यही हसले. तज्ज्ञ हसले नाहीत. शिवलिंगनं वही मिटली, मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "पुढचा प्रश्न विचारा, सर." त्यांनी आणखी प्रश्न विचारले. त्यानं सगळ्यांची उत्तरं दिली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

जागा दुसऱ्याला गेली. "माणूस हुशार, पण ऐकलेलं तपासत नाही," असा शेरा पडला. बरोबरच होता. शिवलिंगला पुढे नोकरी लागली, दोन हंगामांनंतर, दुसऱ्या जिल्ह्यात. त्या मुलाखतीला मी नव्हतो, म्हणून लागली असं ही म्हणते. आमचं मंडळ उठलं त्या दिवशी जिन्यात तज्ज्ञ कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. मला म्हणाले, "तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं. मला नाही, त्याला."

रविवारचा वर्ग चालू राहिला. राजय्या बंद. पोरं पुन्हा झोपू लागली. शिवलिंगला मी चार पत्रं लिहायला घेतली. प्रत्येक पत्र दुसऱ्या पानावर गोष्ट होऊ लागे, मी फाडून टाकी. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं तेव्हा मी एसटीत बसून श्रीपूरला गेलो.

काट्यासमोर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग पार वळणापर्यंत लागलेली. हवेत मळीचा वास. शिवलिंग काचेच्या खिडकीआड बसला होता. त्यानं मला पाहिलं आणि पुढची गाडी घेतली. मी धुळीत उभा. चाळीस गाड्या तोलल्या गेल्या. या वेळी आकडा फुगवून सांगत नाही. मोजण्याशिवाय मला दुसरं काम नव्हतं. आयुष्यात इतका वेळ मी गप्प राहिलो नव्हतो.

मग तो बाहेर आला. टॉवेलनं मान पुसत म्हणाला, "कारखाना बघायला आलात व्हय?"

"माफी मागायला आलो."

"नोकरीचं जाऊ द्या, सर. ज्याला मिळाली तो बी शिकवील. पन मी चौदा घरांत सांगून आलोय, तुमच्या मानसाचं नाव इतिहासात येनार म्हनून. म्हातारी मानसं हायत. मला साखर पेठेतनं जायला तोंड न्हाय. त्यांना काय सांगू, ते सांगा."

"मी जातो. मी सांगतो त्यांना सगळं खरं."

"तुमी?" तो पहिल्यांदाच हसला, पण त्या हसण्यात मला जागा नव्हती. "तुमी एकटे गेलात तर पंधरावा तयार करून याल. मी येतो संगं."

पुढच्या रविवारी मी वर्गाला सुट्टी दिली आणि आम्ही साखर पेठेत गेलो. पहिलं घर लक्ष्मव्वाचं. वय सत्तरीच्या आसपास, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. आमच्याशी बोलताना तिच्या बोटांतून विडीमागून विडी वळून बाहेर पडत होती. मी काही सजवलं नाही. म्हणालो, "आई, या पोराला मी एक खोटी गोष्ट सांगितली होती. राजय्या नावाचा कुणी नव्हता. ती खरी समजून हा तुमच्याकडे आला. चूक माझी."

"बरं," ती म्हणाली. विड्या चालूच. "तुमचा राजय्या खोटा. माझा बाप तर गेला की. स्टेशनावर मी गेलते सोडाया. सहा वर्साची हुते."

शिवलिंगनं वहीतलं तिचं पान काढलं. तिथे त्याच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: वडील, विणकर, गेले मँचेस्टरला.

"मँचेस्टर कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"ह्यांनीच," तिनं शिवलिंगकडे हनुवटी केली. "मँचेस्टर का, म्हनले. साहेब मानूस विचारतंय, मी व्हय म्हनले."

शिवलिंगचा चेहरा बघवेना. त्यानं पेन काढून मँचेस्टरवर एक सरळ रेघ मारली, पट्टी लावून मारावी तशी. मग दुसरं घर, तिसरं घर अशी पानं चाळू लागला. कुठे कुठे त्यानं असंच विचारलं होतं ते त्याला आठवत असणार.

"मग कुठे गेले होते ते?" मी विचारलं.

"जहाजावर. एक टपाल आलतं. वाचनारा म्हनला, तिकडं बी गिरनी हाय." इतका वेळ चाललेली तिची बोटं थांबली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी जगाचं शिकलेले, सर. तुमीच सांगा की. कुटं गेला असंल?"

रंगून बसत होतं. मॉरिशस बसत होतं. मोंबासाही बसवता आलं असतं. वर्ष, गिरणी, जहाज, सगळं मला दिसत होतं. तिच्या बापाच्या पायात काय होतं तेसुद्धा. आणि ती सत्तर वर्षांची बाई मी सांगेन ते मरेपर्यंत सांभाळणार होती.

"माहीत नाही, आई," मी म्हणालो.

बाहेरून मागाचा खडखड आवाज येत होता. मग तिनं सूप बाजूला सारलं.

"त्या दिशी स्टेशनावर त्याच्या अंगावर काय हुतं ते सांगते. ते मला ठावं हाय. ते लिवा."

मी शिवलिंगपुढे हात केला, पेनासाठी. त्यानं पेन दिलं नाही. नवं पान काढून तोच लिहू लागला.